रविवारची संध्याकाळची गाडी बंद करू नका

ठाणे, रायगड आणि पालघर जिल्ह्यांतल्या बसफेऱ्या ठरवणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना खुले पत्र

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

सह्याद्रीच्या पायथ्याजवळच्या एका आगाराच्या फळ्यावर अलीकडे खडूने लिहिलेली एक ओळ वाचली. अमुक गावाहून दर रविवारी संध्याकाळी सुटणारी फेरी कमी भारमानामुळे (म्हणजे गाडीत माणसं कमी म्हणून) बंद. खाली सही नाही, तारीख नाही, आणि त्या गावाहून माणसांनी आता परत कसं यायचं याबद्दल एक अक्षर नाही. त्या आगाराचं नाव मी इथे घेत नाही. एका आगाराला धारेवर धरून काही साधणार नाही. पायथ्याच्या गावांच्या रविवारच्या फेऱ्या कशा एकेक करून गळत गेल्या, ते मुंबईभोवतीचे डोंगर बसने गाठणारा कुणीही सांगेल. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे आणि उघड आहे.

मी भांडुपला राहते. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. सोमवार ते शनिवार सकाळपासून रक्ताचे नमुने, आणि रविवार हा एकच दिवस माझा. आमच्या वस्तीतली काही माणसं महिन्यातून एखादा रविवार डोंगरावर जातो. त्यात कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या दोन मुली आहेत, एक वॉचमन आहे, कॉलेजातली चार पोरं आहेत, आणि शिपाई म्हणून निवृत्त झालेले एक काका आहेत, जे वाटेत सगळ्यांच्या पुढे असतात. यांच्यापैकी एकाकडेही चारचाकी नाही. शनिवारची सुट्टीही कुणाला नाही. रविवारी गाडी नसली की आमच्यासाठी तो डोंगरच नसतो.

ही सवय मला वडिलांनी लावली. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. घरात पैशांची ओढाताण, आणि वडिलांसारख्या कष्टकरी माणसाला नुसतं घरी बसणं असह्य. मग कधीतरी ते आम्हा भावंडांना पेण-अलिबागकडे जाणाऱ्या एसटीत बसवून कर्नाळ्याला उतरवायचे. आई कागदात चपात्या आणि सुका जवळा बांधून द्यायची. गडाच्या सुळक्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात, तिथे आवाज करायचा नाही, काही पेटवायचं नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. चार तिकिटांच्या पैशांत गिरणगावातल्या पोरांना गड, जंगल आणि पक्षी बघायला मिळाले, ते त्या लाल गाडीमुळे. आज माझ्या वस्तीतल्या मुलांना तेवढंच मिळावं, असं मला वाटतं.

आणि ते मिळण्यासारखं आहे. मुंबईच्या माणसाने लोकल आणि बस धरून सकाळी निघावं आणि रात्री घरी जेवावं, असे किती डोंगर आहेत! कल्याणहून मुरबाडमार्गे जुन्नर-आळेफाट्याकडे जाणारी एसटी टोकावडे, वैशाखरे मागे टाकून नाणेघाटाच्या पायवाटेशी सोडते. तिथून माणूस दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारी वाटेने चढतो आणि वर सातवाहनांची राणी नागनिका हिच्या लेखासमोर उभा राहतो. मुरबाडहून म्हसामार्गे देहरीला उतरलं की गोरखगडाच्या कातळातल्या पायऱ्या. कर्जतहून जामरुखच्या रस्त्याला आंबिवलीला उतरलं की कोथळीगड, ज्याच्या सुळक्याच्या पोटात आतून जिना कोरलेला आहे. खांडसला उतरलं की शिडी घाट किंवा गणेश घाट धरून भीमाशंकर. पनवेलहून ठाकूरवाडीला गेलं की प्रबळगड आणि कलावंतीण. पश्चिम रेल्वेच्या बाजूला सफाळ्याहून तांदूळवाडी, पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीत उतरून काळदुर्ग. अगदी घरापाशी म्हणाल तर ठाणे स्टेशनहून शहर बसने येऊर, कल्याणहून मलंगगडाचा पायथा. सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. ती जागा आमच्या वस्तीतल्या पोरांनी पाहावी, यासाठी ट्रेकला नेणाऱ्या एखाद्या कंपनीला माणशी पैसे मोजायची गरज का पडावी?

आता तक्रारी मांडते.

सगळ्यात मोठी तक्रार रविवारची. पायथ्याच्या बहुतेक गावांच्या फेऱ्या शाळा-कॉलेजच्या वेळा धरून आखलेल्या असतात. ते बरोबरच आहे. त्या गाडीवर पहिला मान पास काढून शाळेत जाणाऱ्या वाडीतल्या मुलीचा आहे. पण शाळेला सुट्टी म्हणून फेरीलाही सुट्टी, हा हिशेब कुणी केला? रविवारी गाव झोपलेलं नसतं. शहरातल्या कष्टकरी माणसाला तोच एक दिवस मोकळा असतो. ज्या दिवशी नवा प्रवासी यायला तयार आहे, नेमक्या त्याच दिवशी गाडी आगारात उभी राहते.

त्याला जोडून भारमानाचा मुद्दा. याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण बंदीची सगळी कारणं शेवटी याच एका शब्दावर येऊन थांबतात. कुठल्याही रविवारी पायथ्याच्या गाडीत बसून बघा. सकाळी गाडी गावाकडे जाते ती सॅका घेतलेल्या माणसांची. तीच गाडी वळून आगाराकडे येते तेव्हा तिच्यात वाडीतल्या बाया असतात. पावसाळ्याच्या तोंडाला शेवळं, मग कंटोळी, टाकळा, उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं, पाटीत पानं अंथरून वर ओलं फडकं टाकलेलं. स्टेशनबाहेर बसून माल विकायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. त्यांना वर सोडून गाडी खाली येते तेव्हा आम्ही तिच्यात चढतो. म्हणजे एकाच फेरीच्या दोन्ही अंगांना माणूस आहे. शहराचा माणूस आणि वाडीचा माणूस एकमेकांच्या उलट दिशेने जातात आणि म्हणून गाडी जातानाही रिकामी धावत नाही आणि येतानाही नाही. इतकी सोयीची जोडी दुसऱ्या कुठल्या मार्गावर मिळेल? पण ही जोडी टिकते ती सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही फेऱ्या धावल्या तरच. संध्याकाळची काढली की परतीची हमी गेली. हमी गेली की लोक सकाळीही येत नाहीत, मग सकाळचं भारमान पडतं आणि पुढच्या वेळापत्रकात तीही फेरी जाते. फेरी अशी संपवली जाते आणि कागदावर लिहिलं जातं की प्रवासी मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. परतीची शेवटची गाडी दुपारी साडेतीन-चारला असेल तर ती डोंगर चढणाऱ्याच्या उपयोगाची नाही. पहाटेची कर्जत लोकल पकडली तरी मुंबईहून दोनेक तास, पुढे गाडीची वाट, पुढे गावापर्यंतचा रस्ता. चढायला सुरुवात होईपर्यंत साडेनऊ-दहा वाजतात. चारची गाडी गाठायची तर माथ्यावर पोचायच्या आधीच मागे फिरावं लागतं, किंवा मग घाईने उतरावं लागतं. ओल्या कातळावर घाईने उतरणं म्हणजे अपघाताला बोलावणं. आपल्याकडे डिसेंबरात सहा वाजता आणि जून-जुलैत सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेपाचची एक गाडी ठेवली तर बारा महिने माणसं उजेडात गाडीत बसतील.

तिसरी तक्रार कळवण्याची. दर रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. त्याचा त्रास होतो, पण कुणी अडकून पडत नाही, कारण कुठल्या मार्गावर किती ते किती हे आदल्या दिवशी पेपरात छापून येतं. बसची फेरी रद्द झाल्याचं कुठे छापून येतं? पायथ्याच्या गावात पार असतो, शाळेची भिंत असते, ग्रामपंचायतीचा फलक असतो. तिथे गाडीची वेळ लिहिलेली मला क्वचितच दिसली आहे. गावात विचारलं तर दुकानदार म्हणतो 'येते कधी कधी', आगाराला फोन केला तर तो उचलला जात नाही. गाडी कुठवर आली ते मोबाइलवर दाखवण्याच्या गोष्टी होतात, पण डोंगराच्या कुशीत रेंज नसते. तिथे रंगाने लिहिलेली पाटीच कामाला येते.

थांब्यांचं थोडक्यात सांगते. लांब पल्ल्याच्या गाड्या पायथ्यावरून जातात, पण थांबा मंजूर नसल्यामुळे वाहकाची मर्जी असेल तरच उतरता येतं, आणि परतीला हात दाखवून रस्त्यात उभं राहावं लागतं. महामार्गावर ते जिवाशी खेळणं आहे. स्टेशन आणि आगार यांची गाठही तशीच. आसनगावला उतरलेल्या माणसाला शहापूरचं एसटी स्टँड तीनेक किलोमीटर आहे. गाडी स्टँडवरून वेळेवर सुटली तरी स्टेशनवर उतरलेल्याच्या ती नजरेलाही पडत नाही.

ज्या संध्याकाळमुळे हे पत्र लिहायला बसले, तीही सांगते. फळ्यावरची ओळ आम्ही वाचली ती घरी परतताना. त्याआधी आम्ही गावच्या पारावर साडेपाचच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. आमच्या शेजारी एक ठाकर आजी होत्या, नातवाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून. पोराला दुपारपासून ताप होता. सहा वाजले, साडेसहा वाजले. मग एका मोटारसायकलवाल्याने सांगितलं की रविवारची गाडी बंद झाली, आता येत नाही. रिक्षावाल्याने स्पेशलचे जे पैसे सांगितले ते आजींकडे नव्हते. आम्ही वर्गणी काढली, आजींना आणि मुलाला त्या रिक्षाने पाठवलं, आणि बाकीचे मुख्य रस्त्याकडे चालायला लागलो. अंधार झाला, रस्त्याला दिवे नाहीत, समोरून येणाऱ्या गाड्यांचे झोत डोळ्यांवर. दुकानात काम करणाऱ्या दोघींपैकी धाकटी सगळ्या रस्ताभर माझा हात धरून होती. घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजून गेले. पुढच्या वेळी तिच्या आईने तिला पाठवलं नाही, आणि त्या आईला मी काय सांगणार?

बाईसाठी बस ही फक्त स्वस्त गाडी नाही. तिच्यात वाहक असतो, उजेड असतो, चार माणसं असतात. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच मोफत प्रवास मिळाला. फार चांगले निर्णय. आमच्या गटात बायका वाढल्या त्या त्यानंतरच. पण सवलत गाडीत चढल्यावर मिळते. गाडीच नसली तर ती कुठे वापरायची?

तुमच्या अडचणी मला दिसतात. गाड्या जुन्या आहेत, चालक-वाहक कमी आहेत, डिझेल महाग आहे. मुक्कामी गाड्या का कमी झाल्या हे एका चालकाने मला सांगितलं होतं. रात्री गावात गाडी लावायची, आणि झोपायला जागा नाही, संडास नाही, म्हणून गाडीतच डास मारत पडायचं. पहाटे तीच गाडी घेऊन निघायचं. त्या माणसाचं म्हणणं खोटं नाही. पण यावर उपाय फेरी बंद करणं हा नव्हे. ग्रामपंचायतीची एक खोली, एक पंखा, पाण्याची सोय आणि संडास, एवढ्याने मुक्कामी गाडी परत येऊ शकते. गावं ती खोली द्यायला तयार होतील, त्यांना विचारायला तर हवं.

गाडी काढून घेतल्याने माणसं डोंगरावर जायची थांबत नाहीत, हेही बघा. पावसाळ्यातल्या रविवारी पायथ्याच्या अरुंद रस्त्यांवर मुंबई-पुण्याच्या मोटारी दोन्ही बाजूंनी लागतात. शेतात चाकं जातात, बांध फुटतात, गावातलं कुणी आजारी पडलं तर गाडी बाहेर काढायला जागा उरत नाही. चाळीस-पन्नास माणसं एका बसमध्ये येतात, तेवढीच माणसं मोटारींनी आली तर दहा-बारा मोटारी लावायला जागा लागते. आणि माणशी पैसे घेऊन शेकड्याने माणसं नेणाऱ्यांचं तर विचारूच नका. शनिवारी रात्री मुंबईहून निघायचं, पहाटे कलावंतिणीच्या पायऱ्यांवर रांग लावायची. बस उरली नाही म्हणून कॉलेजची पोरं त्यांच्याकडे जातात.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं त्या दिवशी. त्या यादीतले आणि यादीबाहेरचे गड ज्यांनी उभारले, राखले, त्यांचीच नातवंडं आज वाड्यांत आणि चाळींत राहतात. त्यांना तिथवर नेणारी गाडी राखणं हेही वारसा राखणंच आहे. १ जून १९४८ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, आणि 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे या सेवेचं ब्रीद आहे. मी तेवढंच मागते आहे.

पर्यटनासाठी वेगळी वातानुकूलित गाडी नको, मार्गदर्शक आणि नाश्त्याचं पॅकेज नको. तसलं काही काढलंत तर त्याचं तिकीट वाडीला परवडणार नाही आणि आम्हालाही. गावची साधी गाडी हवी आहे, गावाच्याच भाड्याने.

मागण्या अशा :

एक, पायथ्याच्या ज्या गावांना आठवड्यात गाडी जाते, तिथे रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी किमान दोन फेऱ्या धावाव्यात. पहिली पहाटेच्या लोकलने येणाऱ्यांना मिळेल अशी, दुसरी गावाहून संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुटणारी. संध्याकाळची फेरी काही झालं तरी रद्द होऊ नये. गाडी बिघडली तर बदली गाडी पाठवावी.

दोन, कुठलीही फेरी बंद करण्यापूर्वी पंधरा दिवस आधी आगारात, गावात आणि जवळच्या रेल्वे स्टेशनबाहेर सही-तारखेसह सूचना लागावी. ग्रामसभेला विचारल्याशिवाय शेवटची फेरी काढू नये.

तीन, वेळा जाहीर करून एक पावसाळा आणि एक हिवाळा फेरी चालवा, मग भारमान मोजा. ते मोजताना जाण्याचे आणि येण्याचे आकडे वेगवेगळे जाहीर करा.

चार, पायथ्याच्या प्रत्येक गावात वेळेची पाटी, तिच्यावर आगाराचा चालू फोन नंबर. पावसाळ्यात धबधब्यांवर, गडांवर जिल्हा प्रशासनाचा मनाई आदेश असतो, तोही आगाराच्या फळ्यावर लिहा. आदेश आम्ही पाळतो, पण तो पायथ्याशी पोचल्यावर कळून काय उपयोग?

पाच, नाणेघाटाची पायवाट, वाघोबा खिंड, कर्नाळा अशा जागी साध्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना अधिकृत विनंती थांबा द्या, रस्त्याच्या कडेला उभं राहायला सुरक्षित जागा करा. सुट्टीच्या दिवशी गाड्या स्टँडवरून निघून स्टेशनवरून जाव्यात.

सहा, मुक्कामी चालक-वाहकांच्या राहण्याची सोय ग्रामपंचायतींशी बोलून करा. त्या कामात श्रमदान, रंगरंगोटी, वर्गणी जे लागेल ते करायला आम्ही तयार आहोत.

गणपतीला कोकणात आणि आषाढीला पंढरपुरात तुम्ही किती जादा गाड्या सोडता, ते सगळा महाराष्ट्र बघतो. रात्रंदिवस राबून तुमचे लोक ते पार पाडतात. आम्ही रविवारी दोन फेऱ्या मागतो आहोत.

कुठल्या गावाला कधी कुठली गाडी होती, आज कुठली आहे आणि कुठली नाही, याची थांबेनिहाय यादी आमच्या गटाने करायला घेतली आहे. ती तुमच्या कार्यालयात आणून देईन, बसून समजावूनही सांगेन, फक्त भेट रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर ठेवा. शाळा सुरू होताना जूनमध्ये नवं वेळापत्रक लागतं, त्याआधी या पत्राला लेखी उत्तर द्यावं. आणि त्या उत्तराची एक प्रत पायथ्याच्या गावांतल्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावी. गाडी त्यांचीही आहे.

कळावे,

आपली,
भांडुपची एक प्रवासी